अकरा वर्षं आधी मोजलेला बाक

दर वर्षी १ मार्चला किंवा त्या दिवशी सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी, इंग्लंडमधल्या लाखो घरांना एक निरोप मिळतो: तुमच्या मुलाला सप्टेंबरपासून अमुक माध्यमिक शाळेत जागा मिळाली आहे. मूल अकरा वर्षांचं, म्हणजे आपल्याकडच्या सहावीच्या वयाचं. आईवडिलांनी अर्ज भरला तो आदल्या शरद ऋतूत. पण तो बाक, ती प्रयोगशाळा आणि शिकवणारी माणसं वेळेवर तिथे असावीत, याचा हिशोब कधी सुरू झाला असेल? मूल पाळण्यात होतं तेव्हा!

इंग्लंडच्या १९९६च्या शिक्षण कायद्यातलं कलम १४ स्थानिक प्रशासनाला बजावतं की, आपल्या भागात पुरेशा शाळा असल्याच पाहिजेत. म्हणून प्रत्येक कौन्सिल दर वर्षी शिक्षण खात्याला आपल्याकडच्या जागा किती ते कळवते आणि सोबत पुढचा अंदाज देते. प्राथमिकसाठी पाच वर्षांचा, माध्यमिकसाठी तब्बल सात वर्षांचा.

सात वर्षांनंतरचा पट आज कसा सांगणार? नीट पाहिलं तर यात भविष्यवाणी फारशी नाहीच. सात वर्षांनी अकरा वर्षांची होणारी मुलं आज चार वर्षांची आहेत. ती जन्मली आहेत, कुठल्या ना कुठल्या डॉक्टरकडे त्यांची नोंद आहे. कोयनेच्या पाणलोटात पाऊस कोसळला की सांगलीकर आयर्विन पुलाजवळ पाणी किती चढेल याचा अंदाज बांधू लागतात. इथेही तसंच आहे. वर किती पाऊस पडला ते कळलेलं असतं, फक्त हे पाणी खाली पोचायला अकरा वर्षं घेतं.

आणि हा पूर केवढा चढतो-उतरतो! इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६४ साली सुमारे ८ लाख ७६ हजार बाळं जन्मली. १९७७ साली? ५ लाख ६९ हजार. तेरा वर्षांत तीन लाखांहून अधिक घट. २००१ साली आकडा ५ लाख ९५ हजारांच्या आसपास होता, तो २०१२ साली ७ लाख ३० हजारांना भिडला. त्या २०१२च्या बाळांनी २०२३ आणि २०२४च्या सप्टेंबरमध्ये माध्यमिक शाळेचं दार ठोठावलं. ती येणार हे एक तप आधीच दिसत होतं.

पण देशाचा आकडा कळला म्हणून गल्लीचा कळत नाही. खरी करामत इथून पुढे आहे. नियोजन करणारे जुने पट काढून बसतात. प्राथमिकच्या शेवटच्या वर्गातल्या दर शंभर मुलांमागे या भागातल्या माध्यमिक शाळांत किती पोचली? कुणी खासगी शाळेत गेलं, कुणाच्या आईची बदली झाली, कुणी परदेशातून नव्याने आलं. उत्तर ९४ येईल, नाहीतर १०६. या एका गुणोत्तरात हजारो कुटुंबांचे निर्णय सामावलेले असतात आणि त्यांतल्या एकाच्याही घरी जाऊन कुणी काही विचारलेलं नसतं!

मग येतात नवी घरं. चार खोल्यांच्या शंभर घरांमागे जितकी शाळकरी मुलं येतात, तितकी एका खोलीच्या शंभर फ्लॅटांमागे येत नाहीत. नव्या वसाहतीत अनेकदा तान्ह्या मुलांची कुटुंबं राहायला येतात. म्हणून प्राथमिक शाळेवर ताण लगेच पडतो, माध्यमिकवर काही वर्षांनी. १९९०च्या नगरनियोजन कायद्याच्या कलम १०६नुसार बिल्डरशी करार करून शाळेच्या खर्चातला वाटा त्याच्याकडून घेता येतो.

त्यातून मुलं हद्द पाळत नाहीत. १९८९ साली लंडनमधल्या ग्रिनिच कौन्सिलच्या खटल्यात न्यायालयाने ठरवलं की, बाहेरच्या हद्दीत राहतो एवढ्या कारणावरून कुणाला मागे ठेवता येणार नाही. म्हणजे आपली मुलं मोजून भागत नाही, शेजारच्या कौन्सिलच्या शाळांकडेही लक्ष ठेवावं लागतं.

आता पैसा. नव्या जागांसाठी केंद्र सरकार ‘बेसिक नीड’ नावाचं अनुदान देतं आणि ते याच अंदाजांवर बेततं. वर दोन टक्क्यांची मोकळीक ठेवतं, बस. अंदाज कमी पडला तर मुलं जागेवाचून अडतात. जास्त झाला तर? शाळेचा रोजचा खर्च ऑक्टोबरच्या पहिल्या गुरुवारी होणाऱ्या गणतीतल्या डोक्यांवर मिळतो. रिकाम्या बाकामागे छदामही येत नाही. वर्गात तीस मुलं असोत की बावीस, शिक्षकाचा पगार मात्र तोच.

माध्यमिकचं गणित आणखी विलक्षण आहे. पहिल्या वर्षाला तीस मुलांची एकच तुकडी वाढवा. पाच वर्षांत त्या एका तुकडीची दीडशे मुलं होतात! त्यांना प्रयोगशाळा हव्यात, कार्यशाळा हव्यात, विषयागणिक शिक्षक हवेत. पुरवठा एकाच वर्षापुरता कमी पडत असेल तर एक फुगीर तुकडी घेतात, ती वर सरकत जाते आणि पाच वर्षांनी बाहेर पडते. दरवर्षीच कमी पडणार असेल तर इमारत बांधावी लागते. लाट दहा वर्षांत ओसरते, इमारत मात्र पिढ्यान् पिढ्या उभी राहते. या दोन काळांची सांगड घालणं, हीच या कामातली सगळ्यात अवघड आणि सगळ्यात सुंदर गोष्ट.

आता पाणी ओसरू लागलं आहे. २०२३ साली इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे ५ लाख ९१ हजार बाळं जन्मली, १९७७नंतरची सर्वांत कमी. मुलं घटल्यामुळे लंडनच्या हॅकनी भागात २०२४ साली काही प्राथमिक शाळा बंद कराव्या लागल्या. माध्यमिक शाळांत ही बाळं २०३४-३५च्या सुमारास येतील. स्थलांतराने आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण रोख स्पष्ट आहे. मोकळ्या होणाऱ्या वर्गांत विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी सोय करायची, तुकड्या कमी करायच्या की शाळा एकत्र करायच्या, हे आत्ताच ठरवता येईल.

सरकारी कामात इतकी आगाऊ सूचना दुसऱ्या कशाची मिळते? माणसाचं मूल सावकाश वाढतं, ही निसर्गाने आपल्याला दिलेली केवढी मोठी सवड आहे! ती वापरली, तर ज्याला अजून बोलताही येत नाही अशा मुलासाठी बाक तयार ठेवता येतो. म्हणूनच जन्मनोंदीचा आकडा आला की पहिला प्रश्न शाळेचा विचारला गेला पाहिजे.