दुसरी वही
पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझा जेल इलेक्ट्रोफोरेसिसचा प्रयोग तिसऱ्यांदा फसला. प्रयोगवहीत एवढंच लिहिलं : 'पट्टे दिसले नाहीत.' मग एक दोनशे पानी वही आणली. तीत बफर जुना होता, घाई केली, गाईडना विचारायला लाजलो, असलं सगळं लिहू लागलो. काम करतानाचा विचार आणि झाल्यावरचा विचार, हा फरक अभ्यासक डोनाल्ड शॉन यांनी १९८३च्या पुस्तकात मांडला; माझी वही दुसऱ्या प्रकारची. ग्रॅहम गिब्ज यांच्या १९८८च्या चिंतनचक्रात सहा टप्पे आहेत; त्यातला 'तेव्हा काय वाटलं?' मला सर्वांत जड गेला. (शाळेत निरीक्षण-अनुमान लिहायला शिकवतात, लाज लिहायला नाही.) तशा सादरीकरणाच्या, वेळेच्या नियोजनाच्या कार्यशाळाही केल्या, प्रमाणपत्रंही आहेत. बफरच्या बाटलीवर तारीख टाकायची सवय मात्र त्या वहीनंच लावली.