सकाळची न्याहरी आणि मागे पडलेली नाचणी

सकाळी सहाच्या सुमारास पिरंगुट, पौड, हिंजवडी या पट्ट्यात रस्त्याच्या कडेला कंपनीच्या गाड्यांची वाट पाहत उभी असलेली आपली माणसे दिसतात. पहिल्या पाळीचे कामगार, साफसफाईच्या कामावर जाणाऱ्या भगिनी, बांधकामावरचे मजूर. त्यांना विचारा, "न्याहरी झाली का?" बहुतेकांचे उत्तर एकच, "चहा झालाय की." चहाबरोबर खारी, बटर, नाहीतर बिस्किटाचा पुडा. भगिनींच्या वाट्याला कित्येकदा तेवढेही येत नाही. मुलांचे डबे भरता भरता कपभर चहा उभ्या उभ्या घशाखाली घालायचा आणि गाडी गाठायची. मग पोटात अन्न पडते ते एकदम दुपारी.

याच मुळशी तालुक्यात आज साठीत असलेल्या माणसांच्या लहानपणी न्याहरी म्हणजे नाचणीची भाकरी आणि लसणाचा ठेचा, फार तर भाजलेली सुकट. नाहीतर वाडगाभर आंबील किंवा तांदळाची पेज. भात खाचरात आणि नाचणी, वरई डोंगरउताराच्या वरकस जमिनीवर, अशी इथली शेतीची वाटणी. पावसाळ्यात डोक्यावर इरले घेऊन आवण लावायला चिखलात उतरणारी बाई आंबील पिऊन घराबाहेर पडे. तालुक्याचे नाव गाजले ते आंबेमोहर तांदळामुळे. पण गरिबाच्या घरी आंबेमोहर सणासुदीचाच. पुढे १९८७ साली वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून इंद्रायणी हे आंबेमोहराच्या वंशाचे वाण आले, रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागला, जमिनी विकल्या गेल्या, आणि नाचणी हळूहळू घराबाहेर गेली.

ती केवळ शेती बदलली म्हणून गेली असे मला वाटत नाही. नाचणीची भाकरी काळी, म्हणून ती गरिबाची. पाहुणा आला की ती टोपलीखाली झाकायची आणि गव्हाची चपाती वाढायची. भरड धान्य म्हटले की जुन्या माणसांना १९७२ च्या दुष्काळातला लाल मिलोही आठवतो. शिवाय आपल्या समाजाला आणखी एक दुखणे आहे. गावकीची कामे करून संध्याकाळी दारोदार भाकरी मागायची आणि सकाळी तीच शिळी पोरांना द्यायची, हे आपल्या आज्या-पणज्यांनी भोगले आहे. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि मागून आणलेले उष्टे-शिळे सोडायला सांगितले, आणि लोकांनी ते ऐकले. १९५८ च्या कायद्याने वतनही गेले. त्यानंतर साहेबी पुड्यातले बिस्किट मुलाच्या हातात देताना आईला अभिमान वाटला असेल, तर तिला कोण हसणार? मात्र लाज होती ती मागण्याची. आपल्या कष्टाच्या पैशाने आणलेली नाचणी त्यात विनाकारण सापडली.

आता तीच नाचणी शहरातल्या मोठ्या दुकानात चकचकीत पाकिटात 'रागी' या नावाने महाग विकली जाते. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ सालचे तक्ते पाहा. १०० ग्रॅम नाचणीत कॅल्शियम सुमारे ३६४ मिलिग्रॅम, गव्हाच्या आट्यात ३० च्या आसपास आणि पांढऱ्या तांदळात अवघे ७-८. लोहही तांदळापेक्षा कितीतरी जास्त. दुसरीकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. अशा बाईने रिकाम्या पोटी नुसता चहा घेऊन दुपारपर्यंत राबायचे! जेवणाबरोबरचा चहा तर अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. एकट्या नाचणीने रक्त वाढेल असे मी म्हणत नाही. ज्यांना चक्कर येते, धाप लागते त्यांनी दवाखान्यात तपासणी करून गोळ्या घेतल्याच पाहिजेत.

सकाळच्या पेजेचे महत्त्व आपल्याला नवीन नाही. विनयपिटकातील महावग्गात भगवान बुद्धांनी यागूचे, म्हणजे पेजेचे, दहा गुण सांगितले आहेत. आयुष्य, वर्ण, सुख, बल आणि बुद्धी देणारी, भूक-तहान भागवणारी, वायू सरळ करणारी, मूत्राशय शुद्ध करणारी आणि न पचलेले पचवणारी. अडीच हजार वर्षांपूर्वी भिक्खूंना सकाळी यागू घेण्याची अनुज्ञा होती.

मी बी.कॉम. झालेला कारकून, त्यामुळे हिशेब सुटत नाही. दोन मुलांना रोज पाच-पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा दिला तर महिन्याला ३०० रुपये होतात. २०२४-२५ सालचा नाचणीचा हमीभाव क्विंटलला ४२९० रुपये होता, म्हणजे किलोला ४३ रुपयांच्या आत. दुकानात ती ६० रुपयांनी घेतली तरी तेवढ्याच पैशात पाच किलो येते. एका वाडग्याला पीठ लागते मूठभर. चौघांच्या घराला ते महिनाभर पुरून उरते.

"सकाळी वेळ कुठाय?" असे भगिनी विचारतील. रात्री निजताना चार मुठी पीठ पाण्यात कालवून झाकून ठेवावे. सकाळी पाणी उकळले की त्यात ते ओतून मीठ, जिरे, ठेचलेला लसूण घालावा आणि गुठळी होऊ न देता दहा मिनिटे हलवावे. कोमट झाल्यावर ताक घालावे. चहा तासाभराने घ्यावा. नाचणी दळण्याआधी भिजवून, मोड आणून, वाळवली तर तिच्यातले लोह जास्त लागू पडते. मुले नाक मुरडतील, त्यांना गूळ घालून धिरडी करून द्या, सोबत शेंगदाणे किंवा उकडलेले अंडे. आणि हे काम एकट्या बाईवर टाकू नये. आंबील हलवायला पुरुषाचा हातही चालतो.

राहिली रेशनची गोष्ट. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात गहू-तांदळाबरोबर भरड धान्यही लिहिलेले आहे, तेव्हा एक रुपया किलोने. जानेवारी २०२३ पासून धान्य मोफत झाले, तरी पिशवीत पडतात ते मुख्यतः गहू आणि तांदूळच. आपल्या डोंगरात पिकणारी नाचणी आपल्याच रेशन दुकानात का नाही, हा प्रश्न महिला मंडळांनी येत्या ग्रामसभेत लेखी द्यावा आणि अर्जाची पोच घ्यावी.