केस गळण्याआधीचे तीन महिने

दिवाळीच्या आधीच्या रविवारी सलूनमध्ये बसायला जागा नसते. आमच्या कोपरीत, अष्टविनायक चौकापासून जवळच्या एका सलूनमध्ये मी वीस वर्षं जातो. अशाच एका रविवारी खुर्चीतला पोरगा काकुळतीला आला होता, "काका, नुसता हात फिरवला तरी केस हातात येतात. तेल बदलू का?" काकांनी कात्री न थांबवता विचारलं, "गणपतीच्या सुमारास ताप आला होता का रे?" पोरगा चमकला. त्याला तेव्हा डेंग्यू झाला होता.

काकांनी हे पुस्तकात वाचलेलं नाही, हजारो डोकी हाताखालून गेल्यावर त्यांना ते कळलंय. माझं केसांचं वेड त्याच खुर्चीत सुरू झालं.

थोडी शास्त्रीय ओळख उरकून घेतो. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. आपण विंचरतो तो मेलेला भाग, केराटिन या प्रथिनाचा. बाहेर खवल्यांसारखं क्युटिकल, आत कॉर्टेक्स. जिवंत असतं ते त्वचेतलं मूळ. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. ही वाढ २ ते ६ वर्षं चालते, मग दोन-तीन आठवड्यांत मूळ आक्रसतं, केस सुमारे तीन महिने नुसता बसून राहतो आणि गळतो. रोज ५० ते १०० केस जाणं ठीकच.

या विश्रांतीच्या तीन महिन्यांत सगळी गंमत आहे. मोठा ताप, बाळंतपण, टायफॉइड, उपासमारीचं डाएट असं काही झालं की वाढते केस एकदम विश्रांतीला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. बाळ आईला ओळखू लागलं की तिचे केस गळतात, असं जुन्या बायका म्हणायच्या; हिशेब बरोबर तोच. सुदैवाने मुळं शाबूत असतात, केस परत येतात.

म्हणूनच जानेवारी २०२५ मधल्या बुलढाण्याच्या बातमीने माझी झोप उडवली. शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांचे केस तीन-चार दिवसांत जाऊन टक्कल पडत होतं. बायका, पुरुष, मुलं, कुणीच सुटलं नाही. आकडा पुढे १८ गावांत २७९ वर गेला. आधी बुरशीचा संशय आला, मग पाण्याचा. आयसीएमआरची पथकं आली. लोक भेदरले होते, आणि टक्कल पडलेल्या मुलींच्या सोयरिकी मोडल्याच्या बातम्या वाचून मला फार वाईट वाटलं.

माझ्या मनात मात्र काकांचा हिशेब घोळत होता. इथे तीन महिने कुठे गेले? तीन दिवसांत केस जातात, म्हणजे वाढत्या मुळावरच घाव बसलाय. केमोथेरपीत असाच बसतो, कारण केसाच्या मुळातल्या पेशी शरीरातल्या सर्वांत वेगाने वाढणाऱ्या पेशींपैकी. मग इथे विष कोणतं?

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर तिथे गेले. विंचूदंशावर प्राझोसिन देऊन कोकणातले जीव वाचवणारे तेच, २०२२ चे पद्मश्री. त्यांना रुग्णांच्या रक्तात सेलेनियम नेहमीच्या ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट आढळलं. जस्त कमी होतं. त्यांचा रोख रेशनवर आलेल्या, पंजाब-हरियाणाकडच्या गव्हावर होता. पंजाबात नवांशहर, होशियारपूरच्या काही जमिनीत सेलेनियम जास्त आहेच. केराटिनला बळकटी गंधकामुळे येते आणि सेलेनियम रसायनशास्त्रात गंधकाचा सख्खा भाऊ. तो गंधकाच्या जागी घुसला की केस तकलादू होतो. अशा चाऱ्यावरच्या घोड्यांची आयाळ आणि शेपटीचे केस झडतात, हे पशुवैद्यांना जुनं ठाऊक आहे. सगळ्या तर्कांत मला बावस्करांचाच पटतो, कारण त्यात गळण्याच्या वेगाचंही उत्तर मिळतं.

बाकीच्या तक्रारी थोडक्यात. चाई, म्हणजे नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा, हा किड्याचा उपद्रव नाही. शरीराची संरक्षण यंत्रणाच मुळावर उठते. त्यावर कांदा-लसूण चोळत बसू नये. कोंड्यात मॅलॅसेझिया या बुरशीचा हात असतो आणि ती तेलावरच जगते. त्यामुळे कोंड्यावर चंपी, हा आमच्या आईचा उपाय मी घरात बंद केला. तिच्या खोबरेल तेलाचा मान मात्र राखतो. मुंबईत मॅरिकोच्या आरती रेले आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल ताडून पाहिलं. केसातल्या प्रथिनाची झीज खोबरेलानेच कमी झाली. कंपनी तेल विकणारीच, तरी कारण पटण्याजोगं आहे. खोबरेल केसात मुरतं. मुळातून नवा केस उगवण्याशी त्याचा संबंध नाही.

या अभ्यंगस्नानाला हातात पुंजका आला, तर नवी बाटली आणण्याआधी कॅलेंडर काढा आणि तीन महिने मागे जा. तिथे ताप सापडला तर धीर धरा. चट्टा दिसला तर त्वचारोगतज्ज्ञ गाठा. आणि घरातल्या दोघा-तिघांचे केस चार दिवसांत जाऊ लागले, तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात कळवा, आणि डब्यातला मूठभर गहू सोबत न्या.