अर्ध्यावर थांबणारा अग्नि

जाळणें ही अत्यंत सोपी रासायनिक क्रिया होय. जळतें तें मध्येंच थांबविणें मात्र महाकठिण. दूध उतूं जाण्याच्या नेमक्या क्षणीं पातेलें उतरविणाऱ्या गृहिणीस यांतील मर्म सहज उमगेल.

खनिज तेलाच्या विहिरींतून तेलाबरोबर जो वायु निघतो त्यांत मुख्यत्वें मिथेन असतो. कर्बाचा एक परमाणु व त्याभोंवतीं हायड्रोजनचे चार, इतकाच त्याचा संसार. तो द्रवरूप करावयाचा तर शून्याखालीं 162 अंशांपर्यंत थंड करावा लागतो; म्हणून जेथें नळ पोंचलेला नाहीं तेथें तो विहिरीपाशींच पेटवून देतात. 2022 सालीं असा सुमारें 14,000 कोटी घनमीटर वायु जगभर व्यर्थ जळाला! यांतील प्रत्येक कणास प्राणवायूचा एकच परमाणु जोडतां आला तर मिथेनॉल हें पिंपांत भरून नेतां येण्याजोगें द्रव्य मिळतें. (कारखान्यांस तें अमूल्य, पोटांत गेल्यास प्राणघातक विष.)

मग अडचण कोणती? मिथेनमधील कर्ब व हायड्रोजन यांचा बंध अतिशय बळकट, मिथेनॉलमधील त्याहून दुबळा. पहिला तोडण्याइतकी उष्णता दिली कीं नुकतें जन्मलेलें मिथेनॉलच आधीं भस्म होतें, आणि हातीं कर्बाम्लवायु व पाणी तेवढें उरतें. म्हणून कारखान्यांत आजही द्राविडी प्राणायाम चालतो: वाफेबरोबर 800 अंशांच्या आसपास तापवून मिथेनचा पार विध्वंस करावयाचा, आणि मग त्या अवशेषांतून मिथेनॉल नव्यानें रचावयाचें.

या कामीं एक दगड उपयोगी पडेल असें दिसतें. 1756 सालीं स्वीडनमधील खनिजशास्त्रज्ञ क्रोनस्टेट यानें एक खनिज तापविलें असतां तें उकळल्यासारखें फसफसूं लागलें. म्हणून त्यानें ग्रीक भाषेंतील ‘उकळणें’ व ‘दगड’ हे शब्द जोडून त्यास ‘झिओलाइट’ म्हटलें. आम्ही समास केला असता तर ‘क्वथनाश्म’ झाला असता. पुणें, नाशिक व जळगांव या बाजूस काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत जे पांढरे-गुलाबी स्फटिक सांपडतात, त्यांतील पुष्कळ याच जातीचे. सिलिकॉन, अ‍ॅल्युमिनियम व प्राणवायु यांच्या जाळीनें विणलेल्या या दगडांत असंख्य सूक्ष्म कोठड्या असतात. तेथें कोंडलेलें पाणी तापतांच बाहेर पडतें.

कारखान्यांसाठीं असे दगड कृत्रिम रीतीनें बनवितात. झेडएसएम-5 हा त्यांतील प्रसिद्ध. एका मिलिमीटरचे 18 लक्ष भाग केले तर त्यांतील एका भागाइतक्या रुंदीचीं त्याचीं द्वारें! 2005 सालीं बेल्जममधील ल्यूव्हेन येथील विद्यापीठांत या दगडांत तांबें बसवून उत्प्रेरक म्हणून तो योजिला. प्रथम प्राणवायूंत 450 अंशांपर्यंत तापविला, तेव्हां तांब्याच्या परमाणूंनीं प्राणवायु धरून ठेवला. मग मोकळा प्राणवायु काढून, उष्णतामान बरेंच उतरवून, मिथेन आंत सोडला. जवळ दुसरा प्राणवायूच नाहीं, मग अधिक जळणार कशानें? झालेलें मिथेनॉल आंत चिकटून राहतें. तें धुवून काढावयाचें व पुन्हां पहिला पाठ.

परंतु एका ग्रॅम दगडापासून एका फेरीस मिळणारें मिथेनॉल फार तर कांहीं मिलिग्रॅम, आणि दर फेरीस तापविण्या-निवविण्याचा खर्च वेगळाच. तूर्त तरी हा व्यवहार आंतबट्ट्याचाच म्हणावा लागेल. इकडे भातखाचरांच्या चिखलांतील मिथेनभक्षक जंतु हेंच कार्य, तांब्याच्याच साहाय्यानें व विस्तवावांचून, अहोरात्र करीत असतात. त्यांच्या अंगांतील तें तांबें नेमकें कसें बसविलेलें आहे, याचा शोध रसायनज्ञ अद्याप घेत आहेत.