न दिसणारे वीजकेंद्र

जबलपूरच्या रामपूर भागात शक्ती भवन ही इमारत आहे. ते पूर्वीच्या मध्य प्रदेश विद्युत मंडळाचे मुख्यालय होते. पुढे मंडळाचे निरनिराळ्या कंपन्यांत विभाजन झाले, तरी शहराचे विजेशी असलेले हे नाते टिकून आहे. जवळच नर्मदेवर बरगी धरण असून तेथील वीजगृहाची क्षमता 90 मेगावॅट आहे. वीज म्हटली की अशी धरणे आणि औष्णिक केंद्रे डोळ्यांपुढे येतात. विजेचा आणखी एक स्रोत मात्र नकाशावर दाखविता येत नाही. तेच काम कमी विजेत करून घेणे, हा तो स्रोत होय.

छताच्या पंख्याचे उदाहरण घेऊ. सामान्य पंखा पूर्ण वेगाने फिरताना सुमारे 75 वॅट वीज घेतो. त्याच्या मोटरच्या फिरत्या भागात प्रवाह प्रेरित व्हावा लागतो आणि त्या प्रवाहामुळे बरीचशी वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. नव्या रचनेच्या पंख्यात फिरत्या भागावर कायमचे चुंबक बसविलेले असतात आणि एक लहानसे इलेक्ट्रॉनिक मंडल वेटोळ्यांतील प्रवाहाचे नियंत्रण करते. असा पंखा तेवढाच वारा सुमारे 30 वॅटमध्ये देतो.

पंखा वर्षातून 240 दिवस, रोज 12 तास चालला असे मानू. पहिल्या पंख्याला 216 युनिट लागतील, तर दुसऱ्याला सुमारे 86. म्हणजे एका पंख्यामागे वर्षाला 130 युनिटची बचत होईल. अशा 20 लाख पंख्यांचा एकत्रित विचार केला, तर उन्हाळ्याच्या रात्री ते एकाच वेळी चालू असताना विजेची मागणी 90 मेगावॅटने कमी होईल. बरगीचे वीजगृह पूर्ण क्षमतेने चालविले असता मिळते तेवढीच ही शक्ती. धरणाचे पाणी शेतीलाही मिळते, हे खरे. परंतु त्याच्या जलाशयाखाली अनेक गावे गेली, हेही तितकेच खरे. पंखे बदलल्याने कोणाचेही घर पाण्याखाली जात नाही.

मग लोक असे पंखे आपण होऊन का घेत नाहीत? दुकानात किंमत दिसते. पुढील दहा वर्षांची बिले दिसत नाहीत. भाड्याच्या घरात तर पंखा मालक विकत घेतो आणि बिल भाडेकरू भरतो. हा दोष केवळ उपदेशाने दूर होत नाही. त्यासाठी उपकरणाचे प्रमाणित मोजमाप हवे आणि ते ग्राहकाला वाचता यावे.

युरोपात 1992च्या निर्देशानुसार घरगुती उपकरणांवर ऊर्जा-लेबल लावण्यास प्रारंभ झाला. 'ए' ही सर्वोच्च श्रेणी होती. पुढे उपकरणे सुधारली आणि तिच्याही वर 'ए' ला तीन अधिक चिन्हांपर्यंत श्रेण्या जोडाव्या लागल्या. एक, दोन की तीन चिन्हे, हा फरक ग्राहकाच्या मनात ठसत नाही, असे पाहण्यांतून आढळले. म्हणून 1 मार्च 2021 पासून काही उपकरणांसाठी 'ए' ते 'जी' ही मूळ श्रेणी नव्याने आखण्यात आली. मापदंड वेळोवेळी कडक केला नाही, तर त्याचा अर्थ उरत नाही, हा यातील धडा.

भारतात 2001 साली ऊर्जा संवर्धन कायदा झाला, 2002 मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो स्थापन झाला आणि 2006 पासून ताऱ्यांचे लेबल आले. छताच्या पंख्यांसाठी ते दीर्घकाळ ऐच्छिक होते. या काळात पुण्याच्या 'प्रयास' संस्थेच्या ऊर्जा गटाने एक महत्त्वाचा विचार मांडला. कोट्यवधी ग्राहकांना एकेक करून सवलत देण्यापेक्षा मोजक्या उत्पादकांनाच अत्यंत कार्यक्षम उपकरणे बनविण्यासाठी प्रोत्साहन द्यावे, असा तो विचार होता. जानेवारी 2023 पासून पंख्यांवरील लेबल सक्तीचे झाले. पंखा प्रत्येक वॅटमागे किती हवा देतो, यावर त्याचे तारे ठरतात. त्यामुळे अभियंत्याचे लक्ष मोटरइतकेच पात्यांच्या आकाराकडेही वळते.

विजेच्या धोरणाचा आरंभ धरणावर किंवा खाणीत होतो, असा समज आहे. तो आरंभ प्रयोगशाळेतील मोजमापाच्या टेबलावरही होतो. आणि त्याची फलश्रुती जबलपूरच्या एखाद्या घरातील पुढच्या महिन्याच्या बिलात वाचावयास मिळते.