लेक प्रयोगशाळेत जाते तेव्हा...

आपल्या विदर्भातल्या शाळा उघडतात त्या जून संपता संपता. बाकीच्या महाराष्ट्रातली मुले दप्तर पाठीला लावून निघालेली असतात, तेव्हा पुसदची मुले अजून कूलरसमोर लोळत असतात. मग एकदम धांदल! गणवेश, वह्या, रेनकोट, पाण्याची बाटली... ही यादी घराघरातून आपण बायकाच करतो. पण या यादीत एक गोष्ट सहसा कुणाच्या मनात येत नाही. ती म्हणजे शाळेची प्रयोगशाळा.

विचार करा, उन्हाळाभर ती खोली कुलपात होती. खिडक्या बंद, वर तापलेला स्लॅब, आणि आत फडताळात अमोनिया, स्पिरिट आणि निरनिराळी आम्ले. अमोनियाच्या तीव्र द्रावणाची बाटली अशा उकाड्यात राहिली, की आत वायूचा दाब साठत जातो आणि बूच काढताक्षणी फवारा थेट तोंडावर येऊ शकतो. जाणते शिक्षक ही बाटली आधी गार पाण्यात ठेवतात आणि मग तोंड बाजूला करून जपून उघडतात. पहिल्या दिवशी दारे-खिडक्या सताड उघडून खोली वाऱ्याला लावायची आणि मगच मुलांना आत घ्यायचे, ही पद्धत शाळेत आहे का, एवढे जरी पहिल्या पालकसभेत विचारलेत तरी पुष्कळ झाले.

हे वाचून कुणी म्हणेल, “नकोच बाई ते सायन्स! आर्टला घालू पोरीला.” तसे मात्र करू नका हो! मुलींना प्रयोगशाळेच्या दाराबाहेर ठेवायला कारणे शोधणारे लोक पूर्वीही होते. १९३३ साली कमला भागवत (पुढे त्या कमला सोहोनी झाल्या) बंगळूरच्या विज्ञान संस्थेत शिकायला गेल्या, तर खुद्द सर सी. व्ही. रामन यांनी केवळ त्या स्त्री आहेत म्हणून नकार दिला. बाई हटल्या नाहीत. अटी घालून का होईना, प्रवेश मिळवलाच आणि १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट घेतली. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या. त्यांच्या वाटेत प्रवेशाचा अडसर होता. आपल्या लेकीच्या वाटेत आईच्या भीतीचा अडसर नको. भीतीपेक्षा माहिती बरी, म्हणून हा लेख.

पहिली गोष्ट आपल्या हातातली आहे, ती म्हणजे कपडे आणि केस. प्रयोगाच्या दिवशी वेणी घट्ट घालून वर बांधावी. सुटी बट, लोंबती रिबन, वाऱ्यावर उडणारी ओढणी आणि स्पिरिटचा दिवा यांची गाठ पडायला निमिष पुरते. त्यातून स्पिरिटची ज्योत भर उजेडात नीट दिसतही नाही. दिवा विझला असे समजून त्यात स्पिरिट ओतणे, हा तर हमखास भडक्याचा प्रकार! दिवा पूर्ण विझवून, गार होऊ देऊन मगच भरायचा. ओढणी दोन्ही बाजूंनी पिना लावून घट्ट बसवावी, किंवा त्या तासाला सरळ काढून ठेवावी. आणि अंगात सुती कपडा हवा. नायलॉन-पॉलिस्टर पेटले की वितळून कातडीला चिकटते आणि भाजणे खोलवर जाते. २००८ च्या डिसेंबरात अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातील प्रयोगशाळेत एक तेवीस वर्षांची सहायक मुलगी काम करत होती. हवा लागताच पेट घेणारे रसायन अंगावर सांडले. अंगात कृत्रिम धाग्याचा स्वेटर होता, वर एप्रन नव्हता. अठरा दिवसांनी ती गेली. एवढ्या श्रीमंत विद्यापीठात ही गत! तेव्हा सुती एप्रनचे पैसे वाचवू नका, आणि “पुढच्या वर्षी घेऊ” असेही म्हणू नका. पायात चप्पल नको, बूट हवेत. काचेचे नळकांडे खाली पडले तर बोटे तरी वाचतील.

आता आम्लाचे. आम्लात पाणी कधी ओतायचे नाही, पाण्यात आम्ल ओतायचे, तेही थोडे थोडे, ढवळत. हे मुलींना पाठ असते, पण का ते विचारले की गप्प! तुम्ही मात्र हे चटकन समजावून सांगू शकाल. कढईतल्या तापल्या तेलात पाण्याचा थेंब पडला की काय होते? तडतड करून तेल अंगावर येते ना? गंधकाम्ल पाण्यापेक्षा जड असते, आणि दोन्ही एकत्र आली की भयंकर उष्णता निर्माण होते. वरून घातलेले थोडेसे पाणी तिथल्या तिथे उकळते आणि आम्ल घेऊन उडते. उलट भरपूर पाण्यात थोडे आम्ल गेले तर ती उष्णता पाणी शोषून घेते. फोडणीवरून सांगितलेले पोरी विसरत नाहीत.

आम्लाची भीती सगळ्यांनाच असते, पण काचेची कुणाला नसते. रबरी बुचातून काचेची नळी जोर लावून घालताना ती मोडते आणि तळहातात घुसते. नळीला पाणी किंवा ग्लिसरीन लावायचे, हाताला जाड फडके गुंडाळायचे आणि हळूहळू फिरवत घालायची. शिवाय तापलेली काच आणि गार काच दिसायला अगदी सारखीच! स्वयंपाकघरात आपण भांड्याच्या वाफेवरून अंदाज घेतो, काचेचा तसा अंदाज येत नाही. म्हणून आधी हाताची पाठ जवळ नेऊन ऊब बघावी.

वास घ्यायचा तर बाटलीवर नाक खुपसायचे नाही, हाताने वारा आपल्याकडे ओढून बेताने घ्यायचा. सडक्या अंड्याच्या वासाच्या वायूला मुले हसतात, पण तो जास्त प्रमाणात असला की नाकाला वासच कळेनासा होतो. वास गेला म्हणजे धोका गेला, असे नव्हे. पिपेटला तोंड लावून ओढणे पूर्वी सर्रास चाले. आता त्यासाठी रबरी फुगा मिळतो, तोच वापरायचा. आणि डबा, चिंचा-बोरे, च्युइंगगम काहीही आत न्यायचे नाही. बाहेर आल्यावर साबणाने हात धुवायचे आणि मगच पोळीला हात लावायचा.

खरे सांगू का, रसायने काही प्रयोगशाळेतच राहत नाहीत. आपल्या यवतमाळ जिल्ह्याला हे वेगळे सांगायला नकोच. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करता करता आपल्याच जिल्ह्यातले वीसाहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने दगावले, शेकडोंना दवाखान्यात न्यावे लागले. हातमोजे नाहीत, तोंडाला धड काही नाही, डोक्याच्या वर गेलेल्या पऱ्हाटीत उभे राहून फवारलेले औषध अंगावरच येणार. ज्या मुलीला शाळेत एप्रन, चष्मा आणि हातमोजे यांची सवय लागली, ती घरी बापाला म्हणेल, “बाबा, असं नका जाऊ.” अशा एका वाक्याची त्या वर्षी किती घरांना गरज होती! फवारणीचे औषध सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत काढून ठेवणेही तसेच. शाळेत चिठ्ठी नसलेली बाटली वापरायची नाही हा नियम असतो. तोच घरातही पाळा.

आणि तुमच्या न्हाणीघरातले ते ॲसिड? फरशी जास्त उजळावी म्हणून काही जणी त्यात ब्लीचिंग पावडर मिसळतात. त्यातून क्लोरीन निघतो. बंद मोरीत तो छातीत गेला की जीव घुसमटतो. दोन्ही एकत्र कधीही नको! खाण्याच्या चुन्याची पुडीही मुलांच्या हाती देऊ नये. ती दाबली की फुटते आणि चुना डोळ्यात उडतो. अशाने कितीतरी मुलांच्या दृष्टीला अपाय झालेला आहे.

आणखी एक. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यक्रमात ‘मंत्राने’ आग पेटवून दाखवतात आणि मग त्यातले पोटॅशियम परमँगनेट व ग्लिसरीनचे रहस्य सांगतात. कार्यक्रम फार चांगला, मुलांना जरूर न्या. पण घरी आल्यावर चिरंजीव माळ्यावर जाऊन तेच करून बघणार, हे गृहीत धरा! विज्ञान प्रदर्शनाच्या आठवड्यात त्यांच्या खिशांकडे जरा लक्ष असू द्या.

अपघात झालाच तर काय? पाणी, पाणी आणि पाणी. आम्ल अंगावर पडले तर भिजलेला कपडा लगेच काढून वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे तरी धरायचे. आम्लावर सोडा, सोड्यावर लिंबू असले उपाय कातडीवर करू नयेत, त्यानेही उष्णता निर्माण होते. डोळ्यात गेले तर पापण्या उघड्या धरून तेवढाच वेळ धुवायचे, चोळायचे मुळीच नाही. भाजल्यावर हळद, तूप, टूथपेस्ट, शाई काही लावू नये. नंतर ते खरवडून काढताना लेकराचे हाल होतात. मग १०८ ला फोन करा, आणि कोणते रसायन होते त्याचे नाव डॉक्टरांना सांगा, जमल्यास बाटलीच सोबत न्या.

पाण्याचेच निघाले म्हणून सांगते. उन्हाळ्याच्या तोंडी आपल्याकडे नळ दिवसाआड येतात. बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा साधारण त्याच सुमारास असतात. प्रयोगशाळेतल्या नळाला तेव्हा पाणी असते का? नसेल तर भरलेले पिंप तरी आत आहे का? वाळूच्या बादल्या, अग्निशामक नळकांडे, प्रथमोपचाराची पेटी आणि उघडणारे दुसरे दार हेही बघून घ्या. विचारायला संकोचू नका. तामिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत २००४ साली आग लागून ९४ मुले गेली. त्यानंतर २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळांमध्ये आग विझवण्याची साधने असलीच पाहिजेत असा आदेश दिला. पुढे २०१३ साली लक्ष्मी यांच्या ॲसिड हल्ल्याच्या खटल्यात न्यायालयाने शाळा-महाविद्यालयांवर आणखी एक जबाबदारी टाकली. ॲसिड किती वापरले याची नोंदवही ठेवायची, ती उपविभागीय अधिकाऱ्यांकडे सादर करायची, साठ्यासाठी एक माणूस जबाबदार ठेवायचा आणि प्रयोगशाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलांची तपासणी करायची. उपविभागीय अधिकाऱ्यांचे कार्यालय पुसदातच आहे, यवतमाळला खेपा घालायला नकोत. चौघीजणी मिळून मुख्याध्यापकांना भेटा आणि ‘ती नोंदवही एकदा दाखवाल का?’ एवढेच नम्रपणे विचारा. बहुतेक शिक्षकांना असे विचारणारे पालक हवेच असतात. एप्रन-चष्म्यांसाठी संस्थेकडे पैसे मागायला त्यांनाही जोर येतो.

आता आपल्या नेहमीच्या डागांविषयी. एप्रन इतर कपड्यांत भिजवू नये, वेगळ्या बादलीत धुवावा. आम्लाचा शिंतोडा असला तर शेजारच्या साडीलाही भोक पडेल. पोटॅशियम परमँगनेटचे तपकिरी डाग बोटांवर पडले असतील तर लिंबाची फोड चोळावी, ते उतरतात. सिल्व्हर नायट्रेटचे काळे ठिपके मात्र कशानेच जात नाहीत. घरात लग्न असले तरी वजरीने खसाखसा घासत बसू नका, आठ-दहा दिवसांत वरची कातडी जाते तसे तेही जातात.