बाळंतशेपा आणि पोटातली कळ

पहिल्यापेक्षा दुसरं बाळंतपण हलकं जातं, असं बायका म्हणतात. बाळ बाहेर येईपर्यंत ते बहुतेकदा खरंही असतं. त्यानंतरच्या कळांचा हिशेब मात्र उलटा. पहिलटकरणीला त्या जेमतेम जाणवतात. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बाळंतिणीला दोन-तीन दिवस दातओठ खायला लावतात. त्यातही बाळ दूध ओढू लागलं की कळ आलीच. ‘पोटात वारा शिरला,’ आजीचं निदान ठरलेलं. मग पोट घट्ट बांधायचं, शेक द्यायचा आणि जेवणानंतर भाजलेल्या बाळंतशेपा चघळायच्या.

हे निदान फार जुनं आहे. सुश्रुतसंहितेत या दुखण्याला मक्कल्ल म्हटलं आहे, त्याचा दोष वाताकडे दिला आहे आणि तुपातून किंवा कोमट पाण्यातून यवक्षार घ्यायला सांगितला आहे.

आजचं शरीरशास्त्र वेगळं कारण सांगतं. बाळ जन्मतं तेव्हा गर्भपिशवी साधारण एक किलोची असते. आठवड्यात ती निम्म्यावर येते, सहा आठवड्यांत शंभर ग्रॅमच्याही खाली. वार सुटते तिथल्या रक्तवाहिन्या उघड्या पडलेल्या असतात. पिशवीचे स्नायू आकसून त्यांना आवळतात, म्हणून रक्त थांबतं. पहिल्या खेपेला हे स्नायू आकसले की तसेच राहतात. आधी ताणले गेलेले स्नायू सैलावतात, पुन्हा आवळतात. दर आवळण्याला एक कळ. बाळाच्या ओढण्यानं आईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं, ते दूधही उतरवतं आणि पिशवीही आवळतं. याच रेणूची रचना उलगडून तो प्रयोगशाळेत घडवल्याबद्दल व्हिन्सेंट द्यु विन्यो यांना १९५५ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

म्हणजे कळ हा आजार नव्हे, काम चालू असल्याची खूण आहे. काम चालू राहावं आणि दुखणं तेवढं कमी व्हावं, हा खरा पेच.

बाळंतशेपा तिथं काय करतात? शेपूच्या या बियांच्या तेलात कार्व्होन असतं. प्रयोगशाळेत ते आतड्यासारख्या स्नायूंना सैल करतं, त्यामुळे गुबारा धरलेल्या पोटाला शेपांनी बरं वाटलं तर नवल नाही. (बाळांच्या ग्राइप वॉटरमध्येही शेपांचंच तेल असे, शेपा आईलाही, लेकरालाही!) बडीशेपेची तुलना इराणमधल्या संशोधकांनी थेट मेफेनॅमिक ॲसिडच्या गोळीशी केली आहे. पण अशा चाचण्या छोट्या आहेत, आणि या कळा तशाही तीन-चार दिवसांत आपोआप ओसरतात. दुसऱ्या दिवशी जे घ्याल त्याला गुण येतोच! आयब्युप्रोफेनच्या जातीच्या गोळ्यांचा पुरावा अधिक भक्कम आहे. दुखणं वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन्स तयार होणं त्या रोखतात. २०२०च्या कॉक्रेन आढाव्यातही त्या सरस ठरल्या. अर्थात आम्लपित्त, दमा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

बाळंतकाढ्याची गोष्ट जरा गुंतागुंतीची. त्यात अनेकदा दशमुळं असतात, त्यांतली पाच मोठ्या झाडांची: बेल, टेटू, शिवण, पाडळ, अग्निमंथ. मूळ खणलं की झाडच जातं, म्हणून बाजारात मुळाच्या जागी साल खपते. बाटलीतलं दशमूलारिष्ट आंबवून केलेलं असतं, त्यात मद्यार्क तयार होतो. अंगावर पाजणाऱ्या आईनं लेबल वाचलेलं बरं.

शेक मात्र खुशाल घ्यावा. उबेनं दुखणं हलकं होतं. गरम पाण्याची पिशवी त्याला पुरते. बंद खोलीत बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी नको. तिच्यातून सुटणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास असतो, ना रंग, आणि शेजारी तान्हं बाळ निजलेलं असतं.

कळा दिवसागणिक कमी व्हायला हव्यात. त्या वाढत गेल्या, ताप आला, अंगावरून जाण्याला घाण वास येऊ लागला किंवा तासाभरात पॅड भिजून चिंब झालं, तर काढा उकळत बसू नका. बाळंतिणीला लगेच दवाखान्यात न्या.